प्रबंधातले संदर्भ: आंबेडकर १९३६ की १९७९? मदत हवी आहे

सावली_दुपारची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे इथे, आज अडल्यावर पहिल्यांदा धागा काढतेय.

माझी पीएचडी समाजशास्त्रात, प्रबंध मराठीतून. विषय थोडक्यात सांगायचा तर जातीबद्दलचं लेखन काळाबरोबर कसं बदलत गेलं. पाच प्रकरणं लिहून झालीत, त्यातली पहिली दोन गाइडना दिली होती, ती काल परत आली आणि मजकुरावर चार-पाचच खुणा पण संदर्भांच्या पानांवर मात्र नुसती लाल शाई. सगळ्यात वर मॅडमनी लिहिलंय, "आंबेडकर १९७९ साली लिहीत होते का?" खाली तसंच फुल्यांबद्दल, "१९६९?" मी महाराष्ट्र शासनाने काढलेले इंग्रजी खंड वापरले, पहिल्या खंडावर १९७९ छापलंय म्हणून कंसात (आंबेडकर, १९७९) टाकलं. समग्र फुले वाङ्मयावर १९६९ होतं, तेही तसंच. दोन रात्री झोप नाही कारण असे संदर्भ शंभराच्या वर आहेत.

विद्यापीठाच्या नियमात एवढंच लिहिलंय की एपीएची (अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या संदर्भपद्धतीची) सातवी आवृत्ती वापरा. ती सगळी इंग्रजी पुस्तकं डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली, त्यात शके नाही, टोपणनाव नाही, गाथेतला अभंग नाही. माझ्या सीनियरने एमएलए ही दुसरी पद्धत वापरली, तिच्या आधीच्याने तळटीपांमध्ये "तत्रैव" (त्याच ठिकाणी) आणि "उनि" (वर आधी उल्लेख केलेलं) लिहिलं, तिघांचेही प्रबंध पास झाले. मग बरोबर नक्की काय? आणि पान नंबरचं काय करू, कारण सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या माझ्या वह्यांमध्ये उतारे आहेत पण कित्येक ठिकाणी पान टिपलेलंच नाही.

पोथीघर

सावली, आधी शांत हो. मी २६ वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढलीत, दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तुझ्यासारखी चार मुलं तरी डोळ्यात पाणी घेऊन येतात आणि सगळ्यांचं काम होतं. तुझंही होईल.

१९७९ चा प्रश्न आधी घेऊ कारण तो नुसता फॉरमॅटचा नाहीये. एपीएमध्ये पुनर्मुद्रित लेखनाला दोन्ही सालं देतात, मधे तिरकी रेघ. म्हणजे 'गुलामगिरी'साठी मजकुरात (फुले, १८७३/१९६९). पहिलं साल लिहिलं कधी त्याचं, दुसरं तू हातात घेतलेल्या पुस्तकाचं. खाली संदर्भसूचीत १९६९ ची पूर्ण नोंद, संपादक धनंजय कीर आणि स. गं. मालशे, प्रकाशक साहित्य संस्कृती मंडळ, आणि नोंदीच्या शेवटी कंसात "मूळ प्रकाशन १८७३". समग्र वाङ्मयाची १९९१ ची आवृत्ती य. दि. फडक्यांनी संपादित केलेली आहे, तेव्हा तुझ्या हातात नक्की कुठली होती ते बघ. दोन्ही पुस्तकं "समग्र फुले" म्हणूनच कपाटात शेजारी शेजारी उभी असतात आणि मुलं आज एक घेतात उद्या दुसरं.

निवृत्त_मास्तर

पोथीघर यांच्याशी पूर्ण सहमत. आणि सावली, तुमच्या मॅडमनी जिथे बोट ठेवलंय ना, ते तुमच्या प्रबंधाचं वर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या १९७९ च्या पहिल्या खंडात काय काय आहे ते आठवा. त्यात 'कास्ट्स इन इंडिया' आहे, जो निबंध बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना वाचला आणि जो १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्याच खंडात 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आहे, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधीच न झालेलं भाषण, १९३६ चं. तुम्ही दोन्हींच्या पुढे (आंबेडकर, १९७९) लिहिलंत तर पंचविशीतला विद्यार्थी आणि महाड-नाशिक-पुणे करार पाहिलेला नेता हे दोघं एकाच वर्षात येऊन बसले. तुमचा विषयच जर "विचार कसा बदलत गेला" हा आहे तर तुमच्याच कंसाने तुमचा मुद्दा पुसून टाकला की.

आणखी पुढे जा. त्याच पुस्तकात गांधीजींच्या 'हरिजन'मधल्या लेखांना दिलेलं उत्तर आहे. ते १९३६ च्या पहिल्या आवृत्तीत असणं शक्यच नाही, कारण गांधीजींचे लेख पुस्तक बाहेर आल्यावर, जुलै १९३६ मध्ये आले. उत्तर आलं १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. म्हणजे त्या उत्तरातलं वाक्य उद्धृत करताना १९३६/१९७९ लिहिणंसुद्धा चूक, तिथे १९३७/१९७९ पाहिजे. परीक्षक म्हणून मी हे बघायचो. स्वल्पविराम इकडे की तिकडे यासाठी मी कुणाला अडवलं नाही, पण लेखक कुठल्या साली काय म्हणाला यात गोंधळ दिसला की मी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न तोच विचारायचो.

सावली_दुपारची

सर, हे वाचून अंगावर काटा आला. १९३७ चं मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या प्रकरणात त्या उत्तरातले दोन उतारे आहेत, दोन्ही १९७९ लिहिलेत. आत्ताच वहीत लिहून ठेवलं.

पण एकाच खंडातले दोन निबंध असतील तर सूचीत खंडाची एकच नोंद करायची की प्रत्येकाची वेगळी?

पोथीघर

वेगळी. प्रत्येक निबंधाची स्वतंत्र नोंद, लेखक आंबेडकर, निबंधाचं नाव, मग "मध्ये", मग संपादक वसंत मून, खंडाचं नाव, खंड क्रमांक, निबंध कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत, प्रकाशक महाराष्ट्र शासन, शिक्षण विभाग. सातव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहीत नाहीत, ते सहावीपर्यंत होतं. जुन्या प्रबंधावरून नमुना उचलणाऱ्यांची इथेच चूक होते, अर्ध्या नोंदींत "पुणे:" असतं अर्ध्यांत नसतं.

असंच विश्वकोशाचं. मुलं सर्रास (मराठी विश्वकोश, १९७६) लिहून मोकळी होतात. अरे बाळांनो, १९७६ हे पहिल्या खंडाचं साल, पुढचे खंड पुढच्या कितीतरी वर्षांत आले, आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. ज्या माणसाने अभ्यास करून ती नोंद लिहिली त्याचं नाव सूचीत यायलाच हवं. लेखक म्हणून त्याचं नाव, नोंदीचं शीर्षक, मग प्रमुख संपादक, खंड, पान.

थेम्सकाठी

मी इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय, माझी अडचण उलटी आहे. पेपर इंग्रजीत पण निम्मे सोर्स मराठी. इथे डिपार्टमेंटने सांगितलं "हार्वर्ड वापरा", आणि मला वाटलं ते एपीएसारखं एक ठरलेलं पुस्तक असेल. तसं नसतंच, हार्वर्ड म्हणजे लेखक आणि साल लिहिण्याची नुसती पद्धत, प्रत्येक युनिव्हर्सिटीची आपापली हार्वर्ड असते. पहिल्या असाइनमेंटला एका युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून नियम घेतले आणि मार्क गेले कारण आमच्या लायब्ररीचे नियम वेगळे होते.

मराठी पुस्तकाचं मी असं करते: नाव रोमन लिपीत, त्याच्या पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. म्हणजे गुलामगिरी रोमनमध्ये आणि कंसात स्लेव्हरी. मात्र एकदा ठरवलेलं स्पेलिंग शेवटपर्यंत तेच ठेवा. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये फुल्यांचं पहिलं नाव तीन स्पेलिंगने आलं होतं, जोतीराव, जोतिबा, ज्योतिराव, आणि माझ्या सुपरवायझरला खरंच वाटलं की हे तीन वेगळे लेखक आहेत. तिची काय चूक, तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. आपल्या माणसाचं नाव जगासमोर जातंय तर ते एकाच रूपात जावं असं मला तेव्हापासून फार वाटतं.

निवृत्त_मास्तर

छान सांगितलंत. हार्वर्डवरून आठवलं, लेखक-साल पद्धतीचं मूळ सांगतात ते हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या शोधनिबंधात, तो निबंध बिनशंखाच्या गोगलगायीवरचा होता. १८८१ म्हणजे आपल्याकडे केसरी सुरू झाला ते वर्ष.

रेसिडेंट_३२

एमडी करतोय, आमच्याकडे संदर्भांना व्हँकुव्हर पद्धत. नंबर टाकायचे, मजकुरात जो आधी आला तो १. सोपं वाटतं पण मी नंबर हाताने टाइप केले होते. थिसिस सबमिशनच्या आठवड्यात सरांनी इंट्रोडक्शनमध्ये एक पेपर घालायला सांगितला, तो ७ वा झाला, मग जुना ७ चा ८, ८ चा ९, असे शेवटपर्यंत सगळे सरकवायचे, आणि नाइट ड्यूटी करून आल्यावर ते करताना कुठेतरी एक सुटला. नंतर लक्षात आलं की डोसबद्दलच्या वाक्यापुढे जो नंबर आहे तो भलत्याच पेपरचा आहे. बाइंडिंगला जायच्या आदल्या दिवशी सापडलं म्हणून वाचलं. औषधाच्या डोसपुढे चुकीचा संदर्भ ही साधी गोष्ट नाही, कुणीतरी ते वाचून वापरू शकतं.

सगळ्यांना हात जोडून सांगतो, झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, २००६ पासून आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत तयार झालं. वर्डमध्ये बटण येतं, संदर्भ घातला की नंबर आपोआप सरकतात, स्टाइल बदलायची असेल तर एका क्लिकवर. फक्त आत जी माहिती भराल तीच बाहेर येते, त्यामुळे वेबसाइटवरून आपोआप आलेली नोंद एकदा मूळ पेपर उघडून तपासा. गूगल स्कॉलरच्या सायटेशन बटणाचंही तेच, बऱ्याचदा खंड नाहीतर पानं गायब असतात.

सावली_दुपारची

झोटेरो मराठीत चालतं का दादा? मी एकदा प्रयत्न केला होता तर तुकारामांचं आडनाव मागत होतं.

रेसिडेंट_३२

ताई, नावाच्या खान्याशेजारी छोटं बटण असतं, दोन खान्यांचं एक खानं करायचं. संत, टोपणनाव, सरकारी खातं, संस्था, सगळ्यांना ते एकच खानं वापरायचं. मराठी मजकूर नीट दिसतो. "व इतर"च्या जागी माझ्या भावाच्या प्रबंधात इंग्रजी एट अल. येत होतं, त्याने शेवटी सगळं झाल्यावर फाइलची कॉपी काढून त्यात फाइंड-रिप्लेस केलं. मूळ फाइलमध्ये नका करू, पुढच्या अपडेटला परत पहिल्यासारखं होतं.

पोथीघर

टोपणनावाचा नियम साधा आहे, पुस्तकाच्या शीर्षकपानावर जे नाव तेच सूचीत. कुसुमाग्रज म्हणून छापलंय तर क मध्ये कुसुमाग्रज. त्याच माणसाचं वि. वा. शिरवाडकर नावाने छापलेलं नाटक वापरलं असेल तर ते श मध्ये. वाटल्यास चौकटी कंसात दुसरं नाव द्या म्हणजे वाचकाला कळेल.

तुकारामांच्या अभंगाला नुसता अभंग क्रमांक देऊन भागत नाही, वेगवेगळ्या गाथांमध्ये क्रमांक वेगवेगळे. कुठली गाथा ते सांगायचंच. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी, पण तिथेही प्रत कुठली ते एकदा लिहून ठेवायचं.

अक्षरजुळणी

मी विद्यापीठाच्या रस्त्यावर टायपिंग आणि डीटीपीचं काम करतो, १९९८ पासून. कितीतरी प्रबंध या हातांनी टाइप केलेत. माझ्या बाजूचं थोडं सांगतो, कारण ते तुम्हाला कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट फॉन्ट. अजून बरीच मुलं जुन्या फॉन्टमधल्या फाइल घेऊन येतात, त्या फाइलमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त दिसायला मराठी. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळा चिखल. त्यात शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही आणि उद्या प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढला तरी त्यातलं एक वाक्य कुणाला शोधून सापडणार नाही. पाच वर्षांची मेहनत कुलूप लावून ठेवल्यासारखी. युनिकोडमध्येच (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच राहणाऱ्या अक्षरपद्धतीत) करा, कन्व्हर्टर वापरलात तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः नावांमधली.

दुसरी, अकारविल्हे. वर्डमध्ये सॉर्टचं बटण दाबलं की झालं असं वाटतं, तसं नाही. कॉम्प्युटरच्या क्रमात ळ हा ल आणि व च्या मधे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्षीरसागर हे नाव कॉम्प्युटर क मध्ये टाकतो, पार कौ च्याही नंतर, कारण त्याच्या लेखी ते क आणि ष चं जोडाक्षर. ज्ञानेश्वर ज मध्ये. ॲ ने सुरू होणारं नाव तर कधीकधी एकदम शेवटी जाऊन पडतं. मराठी कोशांमध्येही क्ष-ज्ञ च्या जागेबद्दल दोन पद्धती आहेत, कुठलीही घ्या पण पूर्ण यादीत तीच. मी शेवटची यादी नेहमी कागदावर काढतो आणि पट्टी ठेवून एकेक नाव वाचतो, दुसरा उपाय मला तरी मिळालेला नाही.

तिसरी, तिरपा ठसा. एपीए म्हणतं पुस्तकाचं नाव तिरपं. देवनागरीला मुळात तिरपं वळण नाही, कॉम्प्युटर नुसतं अक्षर ओढून वाकवतो, वेलांट्या मात्रा एकमेकांवर जातात. म्हणून बरेच जण ठळक करतात किंवा एकेरी अवतरणात टाकतात. मॅडमना विचारून एक ठरवा आणि मला आधी सांगा, ८० पानं झाल्यावर नको.

रानवारा

अक्षरजुळणी दादा, सुंदर प्रतिसाद. ळ चं मला आज कळलं.

एक शंका. माझ्या मैत्रिणीने सिमिलॅरिटी (सॉफ्टवेअरने मोजलेलं इतर लेखनाशी साम्य) कमी यावी म्हणून सगळे थेट उतारे काढून टाकले आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले, संदर्भ पण काढले कारण यादीमुळे टक्के वाढतात असं कुणीतरी सांगितलं. हे बरोबर आहे का?

निवृत्त_मास्तर

अजिबात नाही, आणि कृपा करून तिला आजच सांगा.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही कारवाई नाही. १० ते ४० मध्ये प्रबंध सुधारून परत द्यायचा, त्याला जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० ला एक वर्षापर्यंत सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण त्याच नियमांत हेही लिहिलंय की योग्य श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं, प्रमाणित सूत्रं हे सगळं तपासणीतून वगळायचं. सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य माहितीची जुळणीही वगळायची. म्हणजे अवतरणात टाकून संदर्भ दिलेला उतारा तिच्या विरोधात जात नाही. संदर्भ काढून टाकल्यावर मात्र तेच लेखन चोरी ठरतं, मग शब्द कितीही बदललेले असोत.

आणि मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणून आपला म्हणून लिहायचा, हे आपल्याकडे फार झालंय. सॉफ्टवेअरला ते सापडत नाही. सापडत नाही म्हणून ते आपलं होत नाही. भाषांतर केलंत तर "अनुवाद माझा" असं लिहा, मूळ लेखक आणि पान द्या, त्यात तुमचा मान वाढतोच, कारण चांगला अनुवाद करणं हेही कष्टाचं काम आहे.

थेम्सकाठी

+१ सरांना. अजून एक, चॅटजीपीटीकडून संदर्भ मागू नका. लेखक खरा, जर्नल खरं, आणि पेपर अस्तित्वातच नाही असं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी त्याने बनवलेले सहा खोटे खटले कोर्टात दिले होते, ५००० डॉलर दंड झाला. आमच्या क्लासमधल्या एकीने एक रेफरन्स लायब्ररीला मागितला, त्यांनी दोन दिवस शोधला आणि मग हळुवारपणे सांगितलं की त्या खंडात त्या पानांवर दुसराच लेख आहे. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो ब्राउझरमध्ये टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. प्रत्येकाचा टाकून बघा.

रानवारा

आणि शोधगंगेवरच्या प्रबंधाचा संदर्भ कसा द्यायचा? माझ्याकडे नुसती ब्राउझरमधली लांबलचक लिंक आहे.

पोथीघर

प्रबंधाच्या पानावर हँडल म्हणून एक कायमचा पत्ता असतो, शोधगंगेच्या सगळ्यांमध्ये १०६०३ हा आकडा आणि पुढे त्या प्रबंधाचा क्रमांक. तो द्या. लेखक, साल, शीर्षक, चौकटी कंसात पीएचडी प्रबंध आणि विद्यापीठाचं नाव, मग शोधगंगा, मग हँडल.

पण प्रबंधातून उचललेल्या तळटीपेबद्दल सावध राहा. क्ष ने आपल्या प्रबंधात जुन्या वर्तमानपत्रातलं वाक्य दिलंय, तुम्ही ते वर्तमानपत्र पाहिलं नाही, तर लिहायचं "अमुक, क्ष यांनी उद्धृत, साल, पान" आणि सूचीत फक्त क्ष. हातात घेतलं तेच सूचीत. मी एकदा एका मुलाबरोबर तिसऱ्या पिढीचा संदर्भ शोधत गेले होते, तिघांनी एकमेकांवरून उतरवलेला, तिघांत तारीख तीच चुकीची. मूळ अंक काढला तर वाक्य होतं पण दुसऱ्या महिन्यात, आणि शेवटचे चार शब्द वेगळे. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, इतका खूश झाला होता.

सावली_दुपारची

मावशी, माझ्याकडे शके दिलेली दोन जुनी पुस्तकं आहेत, त्यांचं काय करू? आणि पेशवे दफ्तरातला एक कागद, तो मी स्वतः पाहिलाय.

निवृत्त_मास्तर

शक अधिक ७८. चैत्रात वर्ष बदलतं, म्हणून साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतचं असेल तर ७९. महिना दिलेला नसेल तर दोन्ही सालं लिहा, शके १८०२ असेल तर (१८८०-८१), आणि सूचीत छापलेलं शके साल चौकटी कंसात राहू द्या. ते काढू नका, पुस्तकावर तेच आहे आणि पुढच्या माणसाला पुस्तक त्यावरूनच ओळखता येईल.

दफ्तराच्या कागदाला एपीएचा साचा फारसा उपयोगी नाही. पुणे अभिलेखागार, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक, पुडकं, कागद, तारीख जशी कागदावर आहे तशी. रुमाल क्रमांक लिहायचा राहिला तर तो कागद पुन्हा कुणाला मिळणं मुश्किल. पाहिलात हे ऐकून फार आनंद झाला.

पोथीघर

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातही फरक कर ग. आपले प्रकाशक नुसतं पुन्हा छापलं तरी "तिसरी आवृत्ती" लिहितात. शीर्षकपान उलटलं की मागच्या पानावर सगळी सालं असतात, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, पहिल्याच दिवशी, पुस्तक हातात आल्या आल्या. मोल्सवर्थचा कोश घे. पहिला १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ला वाढवून सुधारून काढली, आणि आज बऱ्याच जणांच्या घरी आहे ते १९७५ चं पुण्यातलं पुनर्मुद्रण. १८३१ लिहून १८५७ च्या आवृत्तीतला अर्थ दिला तर एखादा शब्द २६ वर्षं आधी रुळला होता असं तू नकळत म्हणून बसशील.

आणि पान नंबर नसलेल्या उताऱ्यांची एक वेगळी यादी कर, पुस्तकवार. वहीवार केलीस तर तेच पुस्तक चार वेळा मागवावं लागेल. मग लायब्ररीत ये, म्हणजे तुझ्या लायब्ररीत जा, आणि तिथल्या बाईंना सांग की एकदम बाहेर काढून द्या. देतात.

सावली_दुपारची

तीन आठवड्यांनी येतेय. आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

मावशींनी सांगितलं तशी पुस्तकवार यादी केली, ४३ उतारे निघाले, १७ पुस्तकं. सकाळची एसटी पकडून लायब्ररीत गेले, सलग चार दिवस. तिथल्या बाईंनी खिडकीजवळचं टेबल दिलं आणि सगळी पुस्तकं एकदम काढून दिली. ४३ पैकी ३८ सापडले. आणखी दोन उतारे सापडले पण माझ्या वहीतले शब्द चुकीचे होते, एका ठिकाणी "नाही" सुटला होता, म्हणजे मी लेखकाला बरोबर उलटं म्हणायला लावत होते आणि त्यावर माझं पाऊण पान उभं होतं. ते पान काढून टाकलं. नवीन लिहिलंय, बरं झालंय.

गांधीजींना दिलेल्या उत्तराचे दोन्ही संदर्भ १९३७/१९७९ केले. १९१६ आणि १९३६ चे वेगळे केल्यावर तिसऱ्या प्रकरणाची मांडणीच बदलली, मॅडम म्हणाल्या आता दिसतंय काय म्हणायचंय ते. क्ष-ज्ञ शेवटी ठेवायचे ठरलं, पुस्तकांची नावं एकेरी अवतरणात.

उरलेल्या तीन उताऱ्यांचं काय करू तेवढं सांगा. फार आवडते आहेत. कुठून घेतले आठवत नाही, कुठेच सापडत नाहीयेत.

पोथीघर

किती छान वाटलं वाचून.

ते तीन प्रबंधातून काढ. वहीत राहू देत. एक मला इथे टाक, मी आमच्याकडच्या जुन्या अंकांमध्ये बघते.

अक्षरजुळणी

ताई, फाइल युनिकोडमध्ये आहे ना? असेल तर मेल करा, सूची मी पट्टी ठेवून वाचून देतो. त्याचे पैसे नकोत.